मालवण मुक्कामाच्या पॅकेजमधील त्रुटींबाबत तक्रार

दिनांक : ९ डिसेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : मालवण येथील बोया (बोट बांधून ठेवायचा तरंगता गोळा), डिंगी (किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी) व शहरफेरीच्या सेवेतील त्रुटी (३ ते ६ डिसेंबर) आणि १४,००० रुपयांचा परतावा

महोदय/महोदया,

मुंबईहून गोव्याकडे शिडाच्या बोटीने जाणाऱ्या जोडप्यांसाठी आपण मालवणच्या तीन रात्रींच्या मुक्कामाचे पॅकेज २१,५०० रुपयांना विकता. आमच्या बोटीची लांबी १०.४ मीटर आहे आणि तिचा १.८ मीटर भाग पाण्याखाली असतो. हे दोन्ही आकडे अर्जात आपणच विचारले होते. ते कोणी वाचले असावेत असे वाटत नाही.

सर्वात गंभीर बाब बोयाची आहे. आपल्या पत्रकात तेथील पाणी ‘४ मीटर’ एवढेच लिहिले आहे. भरतीचे की ओहोटीचे, याचा उल्लेख नाही. आमचा मुक्काम दत्तजयंतीच्या उधाणात होता. उधाणाला मालवणात भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो. शिशाची दोरी सोडून मोजले तेव्हा ४ मीटर हे भरतीचे पाणी निघाले आणि ओहोटीला तेथे २.१ मीटर उरले. म्हणजे कीलखाली (बोटीच्या तळाच्या कण्याखाली) फक्त ३० सेंटीमीटर. पाऊण मीटर लाट आली की खोलगटात कील तळाला टेकणार, यासाठी वेगळा हिशेब मांडायला नको.

बोयाची साखळी ज्याला बांधली आहे, तो तळाचा काँक्रीटचा ठोकळा आपण ‘६०० किलो’ म्हणून जाहिरातीत दाखवता. हे वजन जमिनीवरचे आहे. काँक्रीट समुद्राच्या पाण्यात बुडाले की त्याचे सुमारे ४३ टक्के वजन पाणी उचलते. तेथे उरतात साधारण ३४५ किलो, आणि तेही साखळी आडवी ओढली जात असेल तरच कामाचे. आपली साखळी आखूड असल्याने भरतीला ती जवळपास उभी होते व ठोकळा वर उचलू पाहते. मूळ १० मिलिमीटरची ही साखळी तळाशी घासून ७ मिलिमीटरवर आली आहे. व्यास ३० टक्के घटला तर कडीचा छेद जवळजवळ निम्मा होतो, त्यामुळे ‘थोडी झिजली आहे’ हे आपल्या प्रतिनिधीचे फोनवरचे उत्तर चुकीचे आहे. जस्त चढवलेल्या साखळीत स्टेनलेस स्टीलचा शॅकल (पिनेने बंद होणारी जोडकडी) घातला आहे. खाऱ्या पाण्यात अशी जोडी जमली की आधी जस्त जाते, मग साखळी गंजते. त्या शॅकलच्या पिनेला तारेचा वेढाही नाही, म्हणजे पिन कधीही फिरून सुटू शकते. वरचा दोर पॉलिप्रॉपिलीनचा आहे. तो तरंगतो, उन्हाने कुजतो आणि बोटीच्या पंख्यात अडकतो. तेथे १८ ते २० मिलिमीटरचा नायलॉन दोर हवा आणि नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) घासतो त्या जागी रबरी नळीचे आवरण हवे.

जागेची निवडही अशीच. रात्री मतलई (जमिनीकडून येणारा) वारा बोटीला समुद्राकडे फिरवतो, तेव्हा सारे ठीक असते. दुपारी वायव्येचा वारा चढला की तीच बोट त्याच बोयाभोवती फिरून किनाऱ्याकडच्या खडपांच्या (खडकांच्या) बाजूला येते. बोया बसवणाऱ्याने जागा सकाळीच पाहिली असावी. शेवटी आपला बोया सोडून बाहेर वाळूच्या तळावर स्वतःचा नांगर टाकावा लागला : भरतीचे पाणी ६ मीटर, नाळेची उंची १ मीटर, त्याच्या पाचपट म्हणजे ३५ मीटर साखळी.

आणखी एक प्रश्न, ज्याचे उत्तर लेखी हवे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले असून सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा भाग त्याच्या गाभा क्षेत्रात येतो. तेथे प्रवाळ आहे. तळावर झाडूसारखी फिरणारी साखळी प्रवाळ मोडते. साखळीच्या मध्यावर छोटा तरंगता गोळा लावला तर ती तळापासून वर राहते, खर्चही फारसा नाही. ठोकळा टाकण्यासाठी वन विभाग व बंदर कार्यालयाची परवानगी घेतली असल्यास तिची प्रत पाठवावी.

डिंगीसोबत वल्ही नव्हती, छोटा नांगर नव्हता, इंजिन बंद करणारी मनगटी दोरीही नव्हती. दोन-स्ट्रोक इंजिनासाठी ५ लिटर पेट्रोल दिले, त्यात तेल मिसळले नव्हते. ५०:१ या प्रमाणासाठी १०० मिलिलिटर तेल लागते. तसेच चालवले असते तर पिस्टन जाम झाला असता, आणि दुरुस्तीचे बिल बहुधा आम्हालाच आले असते. डिझेल व पाणी मात्र वेळेवर आणि स्वच्छ मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही.

आता शहरफेरीचे पत्रक. मालवण घड्याळावर नाही, पाण्यावर चालते, हे ते लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पौर्णिमेला १५ च्या पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा, मालवणात थोडी आधीच. आपण सकाळी ११ वाजता दांडीच्या किनाऱ्यावरून पद्मगड किल्ल्यावर ‘चालत’ जायला सांगता. चालत जायची वाट ओहोटीला उघडते. पौर्णिमेला ११ वाजता तेथे पोहावे लागते. उलट संध्याकाळी ५ वाजता, ऐन ओहोटीला, दांडीवरून डिंगीने परतायला सांगता. तेव्हा खडपे उघडी असतात आणि वायव्येचा वारा तोंडावर असतो. दुपारी २ वाजता बाजारपेठ दाखवता, जेव्हा निम्मी दुकाने जेवणासाठी बंद असतात. खाजा घ्यायचा तर सकाळी किंवा चारनंतर.

सिंधुदुर्गाला दिलेला एक तासही अपुरा आहे. तटाचा घेर सुमारे तीन किलोमीटर. महाद्वार जवळ जाईपर्यंत दिसत नाही, त्यामुळे नवख्याचा वेळ तेथेच जातो. आत शिवराजेश्वराचे मंदिर, हाताचा व पायाचा ठसा, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी. दोन तास द्या आणि होडीवाल्याशी परतीची वेळ आधीच ठरवा. या होडीवाल्यांना खडपे तोंडपाठ आहेत. पत्रक छापण्यापूर्वी त्यांच्यापैकी एकाला दाखवले असते तरी पुरे होते.

मागण्या अशा : बोयाचे ९,०००, डिंगीचे ३,५०० आणि शहरफेरीचे १,५००, एकूण १४,००० रुपये परत करावेत. साखळी, शॅकल व दोर बदलून पाणबुड्याकडून तपासणी होईपर्यंत हा बोया कोणालाही देऊ नये. खोलीचा आकडा ओहोटीचा छापावा आणि फेरीच्या वेळा तिथीनुसार द्याव्यात. पैसे थोडे उशिरा मिळाले तरी चालेल, पण बोया आजच बंद करा, कारण नाताळात गोव्याकडे जाणाऱ्या बोटी निघायच्या बेतात आहेत.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करू.

सोबत : पावतीची प्रत, साखळी व शॅकलची मापपट्टीसह छायाचित्रे, ओहोटीला मोजलेल्या खोलीची नोंद, आपल्या पत्रकाची दुरुस्त केलेली प्रत.

आपले ग्राहक,
(दोघांच्या सह्या)