वर्षूला, तिच्या थायरॉइडच्या रिपोर्टांबद्दल

पुणे
रविवार, रात्री

प्रिय वर्षू,

तुझे दोन्ही रिपोर्ट मोठे करकरून बघितले. फोनच केला असता, पण तुझ्याकडे पाहुणे, त्यात कुणीतरी मधेच "मलापण थायरॉइड आहे, आधी कोबी बंद कर" म्हणून घुसणार, म्हटलं लिहूनच काढावं. कोबीचं आत्ताच उरकते: शिजवलेला कोबी-फ्लॉवर आपण भाजीला खातो तेवढा खाल्ला तर काही होत नाही, खा बिनधास्त.

आता तुझं कोडं. मार्चमध्ये टीएसएच 9.2, म्हणजे चढलेलं, आणि फ्री टी4 (रक्तातलं थायरॉइडचं हॉर्मोन) मात्र रेंजमध्ये, तेही वरच्या टोकाला. आता टीएसएच 0.1 आणि फ्री टी4 रेंजच्या बाहेर, वर. त्यामुळे डॉक्टर म्हणाले थायरॉइडची गोळी जास्त होतेय, 75 ची 50 मायक्रोग्रॅम करू. नुसता कागद बघितला तर त्यांचं बरोबरच आहे गं. टीएसएच म्हणजे मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला सोडते ती ऑर्डर, हॉर्मोन कमी पडलं की ऑर्डर वाढते, जास्त झालं की जवळजवळ बंद होते. म्हणजे 0.1 चा सरळ अर्थ अंगात हॉर्मोन उतू चाललंय.

पण मग तुझी छाती धडधडायला हवी, हात थरथरायला हवेत, घाम, जुलाब, वजन उतरणं असलं काहीतरी हवं ना? आणि तू लिहितेस काय, तर मे महिन्यात नाशकात पंखा बंद करून गोधडी घेऊन बसते, पोट साफ होत नाही, पाळी थांबता थांबत नाही, आवाज घोगरा झालाय, नाडी 56. त्याच रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 178, मागच्या वर्षी 130 होतं. तू म्हणतेस तेल तेवढंच, तूप तेवढंच, मग वाढलं कसं? तर थायरॉइड कमी पडलं की लिव्हर रक्तातलं एलडीएल नीट उचलत नाही, म्हणून ते वाढतं. म्हणजे अख्खं शरीर ओरडून कमी आहे कमी आहे सांगतंय आणि फक्त दोन आकडे जास्त आहे म्हणतायत. अशा वेळी मला तरी आकड्यांचाच संशय येतो.

आणि तुझ्या मेसेजच्या शेवटी तू सहज लिहिलंयस, "केसांसाठी गोळ्या चालू केल्यात, बायोटिन 10,000". वर्षे, मला वाटतं गोम इथंच आहे! बायोटिन म्हणजे बी गटातलं एक व्हिटॅमिन. शरीराला दिवसाला ते लागतं 30 मायक्रोग्रॅमच्या आसपास, तू घेतेस 10,000 मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याच्या तीनशेपटीहून जास्त. (डबीवर कधी 10 एमजी लिहिलेलं असतं, तेही तेवढंच.) त्याने शरीराला सहसा काही होत नाही, पण बऱ्याच लॅबमधल्या मशीनची टेस्टच बायोटिनच्या चिकटण्यावर चालते, स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाच्या प्रोटीनला ते घट्ट चिकटतं, त्यावर सगळी मोजणी. रक्तातच ढिगाने बायोटिन असलं की त्या जागा आधीच भरून जातात. मग टीएसएच खोटं कमी दिसतं आणि फ्री टी4 ची टेस्ट उलट्या पद्धतीची असल्यामुळे ते खोटं जास्त दिसतं. दोन्ही चुका एकाच बाजूला पडतात म्हणून रिपोर्ट इतका पटण्यासारखा वाटतो, कुणालाही वाटेल हिला हॉर्मोन जास्तच झालंय. सगळ्या मशीनवर असं होत नाही, पण होतं हे नक्की, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2017 मध्ये याबद्दल रीतसर इशारा दिला होता. गंमत बघ, केस गळतात म्हणून गोळी, त्या गोळीने रिपोर्ट बिघडला, त्यावरून थायरॉइडची गोळी कमी, आणि मग केस अजून गळणार.

मार्चचा रिपोर्ट वेगळा आहे, त्यात बायोटिन नव्हतं. तेव्हा ताईच्या लग्नाच्या गडबडीत गोळी बऱ्याच वेळा राहिली म्हणालीस आणि टेस्ट आहे म्हणून आदल्या आठवड्यात नेमाने घेतलीस, हो ना? मग असंच दिसतं. टी4 गोळी घेतल्यावर पटकन वर येतं पण टीएसएचला मागचे दीड-दोन महिने आठवत असतात, म्हणून एक नॉर्मल आणि दुसरं चढलेलं. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासायला सांगतात ते यासाठीच. आणि टेस्टच्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतर घे, वेळही सकाळचीच ठेव, टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतं, एकदा सकाळी एकदा दुपारी देऊन तुलना करण्यात अर्थ नाही.

तर उद्या डॉक्टरांना फोन करून बायोटिनचं आधी सांग. त्यांना माहीतच नसणार, केसांच्या गोळ्या कोण औषध म्हणून सांगतं? विचार की ते बंद करून टेस्ट परत करायची का. निदान दोन दिवस बंद हवं असं सांगतात, तुझा डोस मोठा आहे म्हणून आणखी किती थांबायचं तेही विचार. तोवर 75 की 50 ते त्यांनाच ठरवू दे, मनाने काही करू नकोस. आणि छातीत दुखलं, दम लागला किंवा फार गुंगी यायला लागली तर रिपोर्टची वाट न बघता सरळ हॉस्पिटल.

अजून एक, सगळं थायरॉइडवर ढकलू नकोस. तुझं हिमोग्लोबिन 10.4 आहे आणि पाळी इतकी, थकवा आणि केस दोन्ही लोह कमी असल्यामुळेही असू शकतं. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी टेस्ट) केलेलंच नाही, ते आणि बी12 करून घे. तुझ्या अँटी-टीपीओ अँटीबॉडी पॉझिटिव्ह आहेत म्हणजे हाशिमोटोचाच प्रकार, शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते तो, त्या लोकांमध्ये बी12 नीट शोषलं न जाण्याचा आजार जास्त दिसतो, शिवाय तू शाकाहारी. पण लोहाची गोळी दिली तर ती थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी, कॅल्शियमचंही तसंच. आणि तो सकाळचा चहा! गोळी पाण्याबरोबर घे आणि चहाला निदान अर्धा तास थांब, तास असेल तर उत्तम. तुझ्याच्याने सकाळी होतच नसेल तर रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, डॉक्टरांना विचारून बदल.

वजनाचं वाईट वाटून घेऊ नकोस, पण थायरॉइडने चढतं ते सहसा थोडेच किलो आणि त्यातलं बरंचसं पाणी-मीठ, तू म्हणतेस ते बारा किलो एकट्या थायरॉइडचे नाहीत. रागावलीस तर रागाव.

डॉक्टर काय म्हणाले ते कळव, आणि नवा रिपोर्ट आला की दोन्ही पानं पाठव, नुसता टीएसएचचा आकडा नको. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
माधवी