करवत घ्यायला सोबत आलेल्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,

साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही "बाय, चहा टाक आधी" म्हणून विषय बदलता. आता राजापूरला आहात, तिकडून विषय बदलता येणार नाही. नातवाच्या फोनवर हे पत्र येईल, त्याला सांगा सावकाश वाच. पत्र चारचौघांत लिहितेय, कारण घरच्या घरी सुतारकाम शिकू बघणाऱ्या कितीतरी जणांना पहिली मशीन घेताना शेजारी उभं राहणारं कुणी मिळत नाही. मला तुम्ही मिळालात.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. गाडी विकली होती, तळेगावच्या आमच्या रो-हाउसचं गॅरेज रिकामं झालं होतं, आणि मी मार्बल कटरला लाकडाचं चार इंची पातं लावून प्लाय कापत होते. फर्निचरचं काम करून गेलेल्या एका माणसानं सांगितलं होतं, "आम्ही सगळे हेच वापरतो." खोटं नव्हतं ते. एकोणीस एमएमची फळी दोन स्टुलांवर आडवी टाकलेली, आणि मी बरोबर मधोमध कापत चाललेले. अर्ध्यावर गेल्यावर मशीन एकदम उसळलं, मागं आलं आणि स्टुलाच्या कडेत बोटभर खोल चीर पाडून थांबलं. माझा डावा हात त्या चिरेपासून वीतभर अंतरावर होता.

तुम्ही फाटकातून आत आलात आणि एक शब्द न बोलता आधी प्लग काढलात. मग खाली बसलात आणि फळीतल्या अर्ध्या कापाकडे बोट दाखवलंत. कापाच्या दोन्ही कडा एकमेकींना चिकटल्या होत्या. तुम्ही खालून फळीला तळहात लावून जरा वर उचललीत आणि काप उघडला. हात काढलात, पुन्हा मिटला. "फळी मधे वाकली, पातं चिमटलं. चिमटलं की ते तुझ्याच अंगावर येणार." एवढंच बोललात. मी घाबरले होते, आणि त्या वेळी ओरडा न खाता कारण समजणं किती मोठी गोष्ट होती हे मला तेव्हा सांगता आलं नाही. आज सांगते.

मग ते कटर हातात घेऊन दाखवलंत. हे फरशी कापायला बनलेलं यंत्र आहे. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे. लाकडासाठीच्या सर्क्युलर सॉचे, म्हणजे हातात धरून चालवायच्या गोल पात्याच्या करवतीचे, पाच-साडेपाच हजार असतात. खालच्या बाजूला आपोआप मिटणारं गार्ड नाही, पात्यामागं काप उघडा ठेवणारी पट्टी नाही. तुमच्या डाव्या तर्जनीचं टोक नाही, ते मी तोवर कितीदा पाहिलं होतं, पण विचारलं नव्हतं. त्या दिवशी तुम्हीच सांगितलंत: तरुणपणी एका वखारीत, घरगुती टेबलाखाली मोटर आणि शाफ्ट बसवून केलेल्या करवतीवर गेलं. वर गार्ड नव्हतं. दुसऱ्या दिवशी कामावर गेलात, कारण रोज बुडाला असता.

मी म्हटलं, मग टेबल सॉच घेते, टेबलातून पातं वर आलेलं असतं तो, चांगल्यातला, पन्नास हजारांच्या आसपास जाईल. सगळे तोच घ्या म्हणत होते आणि पैसे बाजूला काढूनही ठेवले होते. तुम्ही विचारलंत, "करणार काय त्याच्यावर?" मी कागद आणला. पुस्तकांची दोन कपाटं, लेकीला अभ्यासाचं टेबल, देव्हारा, चौरंग. तुम्ही चष्मा लावून तो कागद वाचलात आणि म्हणालात, यातलं निम्मं काम आठ बाय चारच्या शीटमधून निघणार आहे. तीसेक किलोची शीट एकटी कशी उचलून त्या छोट्या टेबलावर ढकलणार? मोठी शीट जागेवर राहू दे, करवत तिच्यावर फिरव. काका, त्या एका प्रश्नानं माझे पैसेच नाही, माझी पाठही वाचवली.

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत आपण गेलो तो दिवस मला आत्ताही डोळ्यांसमोर दिसतो. दुकानदार वॅट सांगत होता, सूट सांगत होता. तुम्ही सर्क्युलर सॉ उलटा धरलात, खालचं गार्ड अंगठ्यानं मागं ओढलंत आणि सोडून दिलंत. खट्. दुसऱ्या मशीनचं गार्ड सावकाश आलं, ते तुम्ही परत ठेवलंत. लाकडावर टेकणारी तळपट्टी दोन्ही हातांनी हलवून पाहिलीत. खिशातून काटकोन तपासायचा गुण्या काढून पातं आणि तळपट्टी यांच्यात लावलात आणि दुकानाच्या दिव्याकडे धरून फट बघितलीत. दुकानदार हसायला लागला होता, तो तेव्हा गप्प झाला. मग विचारलंत, मोटरचे कार्बन झिजल्यावर वेगळे मिळतात का, पुण्यात सर्व्हिस कुठं, पात्याचं भोक किती एमएमचं. शेवटी ते चार किलोचं मशीन माझ्या हातात दिलंत, "दोन मिनिटं धर, बोलू नको." दोन मिनिटांनी मनगट थरथरायला लागलं, तेव्हा त्याच्यापेक्षा हलकं, १४०० वॅटचं निवडलंत. मुठीत माझा हात पुरेसा बसतो का, हे दुसऱ्या कुणी पाहिलंच नसतं. बहुतेक मशीन पुरुषांच्या पंजासाठी केलेली असतात.

पात्यांच्या बाबतीत मात्र तुम्ही हात सैल सोडलात. मशीनबरोबर चोवीस दात्यांचं आलं होतं. तुम्ही साठ दात्यांचं आणखी एक घ्यायला लावलंत. घरी आल्यावर एकाच तुकड्यावर दोन्ही पात्यांनी काप घेतले आणि माझा अंगठा धरून कडेवरून फिरवलात. पहिली कड खरबरीत, ठिसूळ, सनमायक्याचे टवके उडालेले. दुसरी जवळजवळ रंध्यातून काढल्यासारखी. चोवीस दात्यांचं लाकूड उभं चिरायला, नसेच्या दिशेनं. साठ दात्यांचं प्लायला. आणि चांगली बाजू खाली, कारण या करवतीचे दात खालून वर येतात, टवके वर उडतात. टेबल सॉवर उलटं, तिथं चांगली बाजू वर. हे वाचून पाठ झालं असतं, पण अंगठ्याला कळलं ते विसरत नाही.

आणि सरळ कापायला केलेली ती पट्टी! सहा एमएमच्या प्लायवर बारा एमएमची सरळ पट्टी चिकटवलीत, फॅक्टरीतून आलेली कड आतल्या बाजूला. फेविकॉल वाळेपर्यंत आपण भाकरी-पिठलं खाल्लं. मग त्या कडेला करवत टेकवून एकदा आरपार चालवलीत आणि खालच्या प्लायचा जास्तीचा भाग गळून पडला. "आता ही कड म्हणजेच तुझी रेघ." तेव्हापासून मी मोजणी करत बसत नाही, खुणेवर ती कड ठेवते, दोन क्लॅम्प लावते आणि कापते. आठ फुटांची एक, चार फुटांची एक. खाली सगळीकडे थर्माकोल, म्हणजे काप मिटत नाही आणि पातं जमिनीला लागत नाही. पात्याचा दात फळीखाली नखाएवढाच दिसला पाहिजे, हेही तुमचंच. बाजारात अॅल्युमिनियमचे तयार ट्रॅक मिळतात, चांगले असतात. मला तुमची प्लायची पट्टी पुरली.

जिगसॉ, म्हणजे वळणं कापायची वर-खाली चालणारी करवत, घेतला तो देव्हाऱ्याच्या महिरपीसाठी. पेंड्युलम, म्हणजे पात्याचा पुढं-मागं झोका, शून्यावर, बारीक दात्यांचं पातं, रेघेच्या बाहेरून कापायचं आणि उरलेलं कानशीनं आणायचं. नंतर मी तुम्हाला सांगितलं होतं ना, १९४६ साली स्वित्झर्लंडमध्ये सिंटिला कंपनीतल्या आल्बर्ट काउफमान यांनी शिलाई मशीनची सुई काढून तिथं करवतीचं पातं बसवलं आणि त्यातून जिगसॉ जन्माला आला. तुम्ही किती वेळ तो जिगसॉ वर-खाली चालवून बघत होतात. मग म्हणालात, "आमच्या हिनं आयुष्यभर मशीन चालवलं, माझ्या कधी ध्यानात नाही आलं." काकूंना ती गोष्ट सांगितलीत की नाही, ते कळवा.

विजेचं काम तुम्ही सांगितलं म्हणून आधी केलं, नाहीतर मी सहा अँपिअरच्या बोर्डावरच चालवत बसले असते. गॅरेजला सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट, अडीच एमएमची वायर, करंट गळला की वीज तोडणारा आरसीसीबी. मास्कचं तेवढं मी तुम्हाला शिकवलं. लाकडाचा भुसा माणसाला कर्करोग देऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच नोंदवलंय. तुम्ही आयुष्यभर तोंडाला पंचा बांधलात. पंचा बारीक भुसा अडवत नाही, काका. मी दिलेले एन-९५ मास्क गावीही वापरा, कुणी नुसती दाराची फळी तासायला बोलावलं तरी.

दीड वर्षानं, सागवानाच्या पट्ट्या एकसारख्या चिरायची वेळ आली, तेव्हा तुम्हीच म्हणालात, आता टेबल सॉ घे. आलात, आधी पात्यामागची पट्टी जागेवर आहे का पाहिलीत, मग फळी टेकवून सरकवायचं कुंपण पात्याला समांतर आहे का ते पुढून आणि मागून मोजलंत. आणि खिशातून एक प्लायची ढकलकाठी काढलीत, टोकाला खाच पाडलेली, मुठीच्या जागी कानस मारून गोल केलेली. माझ्या हाताच्या मापाची होती. तुम्ही ती घरून करून आणली होती. पातं आणि बोटं यांच्यात आज ती काठी असते, रोज. तिची खाच आता बरीच झिजलीय, पण मी नवी केलेली नाही.

कपाटं झाली, टेबल झालं. देव्हारा गेल्या आषाढीला बसवला. आता चौरंग तयार आहे, सागाचा, दीड फुटाचा, तो तुमच्या घरच्या गणपतीसाठी केलाय. एक पाय अर्ध्या सुतानं गुण्यात नाही. मी दोनदा काढून बसवला, तरी नाही. तुम्ही याल तेव्हा गुण्या खिशात घेऊन या, एकत्र बघू. चहा मी आधीच टाकते.

तुमची,
पलीकडच्या गल्लीतली बाय