चवथीनंतर बायला लिहिलेले पत्र

फोंडा, गोवा
दि. ७ सप्टेंबर २०२५

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

गणपतीच्या चवथीच्या दुसऱ्या दिवशी तू फोन मध्येच ठेवलास, त्याला आज दहा दिवस झाले. आईशी तू बोलतेस हे मला ठाऊक आहे, कारण ती फोन घेऊन विहिरीकडे जाते आणि परत येताना माझ्याकडे पाहत नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही. समोर तुझा चेहरा हलत असतो, मागून जावई हात हलवत असतात आणि मला जे म्हणायचे असते त्याच्या नेमके उलटे तोंडातून निघते. म्हणून लिहितो आहे. घरात जन्मभर कोकणी बोललो तरी लिहायला बसले की मराठीच येते, ही माझ्या वडिलांनी, दादांनी, लावलेली सवय. तुझ्या जर्मन पासपोर्टाविषयी या पत्रात एक अक्षरही लिहायचे नाही असे ठरवून बसलो आहे.

आधी फेब्रुवारीतल्या त्या जेवणाविषयी लिहितो. तुमच्याकडे लाइपझिगला निवडणुकीचा आठवडा होता आणि मी विहीणबाईंना, तुझ्याच तोंडून, विचारू पाहिले की त्या मत कोणाला देणार. तू भाषांतर केले नाहीस, टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावलास. मला ते लागले, पायाला नव्हे. चाळीस आमदारांच्या या आपल्या राज्यात एका मतदारसंघात पंचवीस-तीस हजार मतदार असतात, निकाल कधी कधी काही शेकड्यांवर लागतो, उमेदवार स्वतः पडवीत येऊन बसतो, आणि कोणत्या घरातली किती मते कुठे गेली हे तिठ्यावरच्या चहावाल्यालाही तोंडपाठ असते. असा प्रश्न विचारणे म्हणजे आपल्याकडे जवळीक. विहीणबाईंना मात्र प्रश्न कळला होता, आणि त्यांनी उत्तर न देता मला सबंध संध्याकाळ त्यांच्या तरुणपणातले मतदान सांगितले. पूर्व जर्मनीत एकच यादी असायची, मतपत्रिका घ्यायची, घडी घालायची आणि पेटीत टाकायची. पडद्याआड जाण्याची सोय होती, पण जो आत गेला त्याची नोंद व्हायची. ७ मे १९८९ च्या निवडणुकीत सरकारी यादीला ९८.८५ टक्के मते पडल्याचे जाहीर झाले आणि लोकांचा संताप झाला. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला लाइपझिगच्या रस्त्यावर सत्तर हजारांवर माणसे उतरली, त्यांत त्याही होत्या. असे दिवस काढलेल्या बाईला मी जेवता जेवता विचारले, मत कोणाला. तेव्हा कळले नाही. आता कळले आहे. तशी त्यांची मी फोनवरून क्षमा मागितली, ती जावयांनी पोचवली की नाही कोण जाणे.

(त्यांनी मला पहिल्या दिवशी 'तुम्ही' आणि तिसऱ्या दिवशी 'तू' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा तुझी आई हादरली होती. मोठ्या माणसाने आपण होऊन 'तू'वर येणे हा तिथे मान आहे, हे तू समजावलेस. मला ते आवडले. व्याह्यांना 'तू' म्हणण्याची वेळ इथे माझ्यावर न येवो म्हणजे झाले.)

रविवारी जावयांनी मला शाळेतल्या मतदान केंद्रावर नेले. मामलेदार कचेरीत नोकरी केलेल्या माणसाने निवडणुकीच्या किती ड्युट्या केल्या असतील ते तुला ठाऊकच आहे. आदल्या रात्री यंत्र उराशी धरून शाळेच्या बाकावर निजण्यात माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच रात्री गेल्या. तिथे यंत्र नव्हते. मोठा कागद, त्यावर दोन खुणा, एक उमेदवाराला आणि एक पक्षाला, आणि खूण करायला साधी पेन्सिल. बोटाला शाई नाही! मी जावयांना दोनदा विचारले. संध्याकाळी सहाला दार बंद होण्याऐवजी उघडेच राहिले आणि त्याच खोलीत, त्याच टेबलांवर मोजणी सुरू झाली. कोणीही यावे, भिंतीला टेकून पाहावे. मी टेकून पाहिली. देशभर ८२.५ टक्के मतदान झाल्याचे जावयांनी नंतर सांगितले, तेव्हा आमचा गोवाही ऐंशीच्या घरात असतो हे मी त्यांना अभिमानाने ऐकवले.

त्या सगळ्या वेळात तू बाहेर अंगणात थंडीत उभी होतीस. आत यायला तुला कोणी अडवले नव्हते. मी विचारले तर म्हणालीस, 'माझे तिथे काही काम नाही, बाबा.' हे वाक्य मी चवथीपर्यंत विसरलो होतो.

आता ठरवलेले मोडतोच आहे तर मोडतो. तू जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज केल्याचे सांगितलेस तेव्हा मी म्हणालो, तुला तिथल्या मताची काय गरज? आणि मग कुठल्या कुठे जाऊन आपल्या वाटेवरच्या नव्या इमारतीतल्या माणसांवर घसरलो, की हे भायले, म्हणजे बाहेरचे, काल आले आणि आज मतदारयादीत त्यांची नावे. तू म्हणालीस, 'मग इथे मी कोण?' आणि फोन ठेवलास. गणपतीवर बांधलेल्या माटोळीच्या लाकडी चौकटीला टांगलेली तोरींगणाची फळे माझ्या डोक्यावर लोंबत होती आणि मी तसाच बंद फोन धरून उभा होतो.

बाय, मतावरून घर फुटते ते मी नवव्या वर्षी पाहिले आहे. १६ जानेवारी १९६७, गोव्याच्या जनमत कौलाचा दिवस. महाराष्ट्रात जायचे तर फूल, वेगळे राहायचे तर दोन पाने. दादा फुलाचे, भाऊकाका दोन पानांचे, आणि दोघे एकाच घरात, मधल्या दाराने वेगळे झालेले. दादा खासगी मराठी शाळेत शिकवलेले, पोर्तुगीज अमदानीत लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवावी लागायची ते दिवस भोगलेले. त्यांना विलीनीकरण म्हणजे घरी परतणे वाटत होते. भाऊकाकांना वाटत होते की मोठ्या घरात गेलो तर आपल्याला पडवीतच झोपावे लागेल. ३४,०२१ मतांनी दोन पाने जिंकली. दादा त्या रात्री जेवले नाहीत. मधले दार बंद झाले ते चवथीपर्यंत. चवथीला गणपती एकच, त्यामुळे इलाज नव्हता. भाऊकाका माटोळी बांधायला स्टुलावर चढले आणि स्टूल डुगडुगते म्हणून दादांनी ते दोन्ही हातांनी धरले. बोलले नाहीत. कात्रो हवा, एवढेच भाऊकाका म्हणाले आणि तो दादांनी मला आणायला सांगितला. आज कोणी विचारले तर मी दोन पानांच्या बाजूने बोलेन, आणि हे दादांच्या तसबिरीखाली बसून, त्यांच्याच मराठीत लिहितो आहे.

सांगायचे काय होते? नागरिकत्व. दादांना ते कोणी विचारून दिले नव्हते. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी ते पोर्तुगालचे प्रजाजन होते, त्यानंतर भारताचे नागरिक. मी चार वर्षांचा होतो, मलाही विचारले नाही. विहीणबाईंचा देश ३ ऑक्टोबर १९९० ला असाच एका मध्यरात्री मिटला. मी आणि विहीणबाई त्या जेवणाच्या संध्याकाळी एकमेकांकडे पाहून हसलो, तुला आठवत असेल. तू मात्र आपण होऊन, फॉर्म भरून, तेहतीस प्रश्नांची परीक्षा देऊन हे करते आहेस, आणि मला भीती वाटते ती याचीच. ज्याला जुलमाने बदलावे लागले त्याच्याकडे निमित्त तरी असते.

भारतात दोन नागरिकत्वे चालत नाहीत. जर्मनीने गेल्या वर्षी, २७ जून २०२४ पासून, जुने नागरिकत्व सोडण्याची अट काढली खरी, पण आपल्या १९५५ च्या कायद्याप्रमाणे तू दुसरे घेतलेस की पहिले आपोआप जाते. मग ते ओसीआय कार्ड, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळते ते. त्यावर मत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. कुळागर, आपली पोफळीची बाग, वारशाने तुझ्याकडे येईल, त्याची काळजी नको. गोव्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे आणि तो १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासून चालत आला आहे, त्याबद्दल त्या राजवटीला मी एक नमस्कार घालतो. पण शेजारचा पोफळीचा तुकडा उद्या विकायला निघाला तर तुला तो घेता येणार नाही. नीट विचार केलास का? घाईत सही केलीस का? लोक पाच-पाच वर्षे... हे बघ, पुन्हा कचेरीतला कारकून बोलू लागला. माफ कर. तू हे सगळे माझ्या आधी वाचलेले असणार.

आणि तुझा मुद्दा मला खोडता येत नाही, हेच खरे दुखणे आहे. परदेशातल्या भारतीयाला मत आहे, पण ते देण्यासाठी जातीने इथे यावे लागते. नऊ वर्षांत तुझी सुट्टी आणि आमची निवडणूक एकदाही जुळली नाही. तिथे युरोपीय संघातल्या देशांतून आलेल्यांना निदान पालिकेला मत देता येते, तुला तेही नाही. कर भरतेस, ट्राम चालवणाऱ्या पालिकेला, शाळांना, रस्त्यांना पैसे देतेस आणि मताच्या दिवशी अंगणात उभी राहतेस. आपल्या मतदारयादीच्या कायद्यात 'सामान्यतः रहिवासी' असा शब्द आहे. मी तो हजार अर्जांवर तपासला असेल. त्या शब्दाप्रमाणे तू लाइपझिगची आहेस. त्या शब्दाप्रमाणे नव्या इमारतीतली ती कुटुंबेही फोंड्याची आहेत, हे मी तू फोन ठेवलास त्या रात्री झोप न आल्यामुळे कबूल केले. निवडणुकीच्या तोंडावर उमेदवार गाडीभर नावे घालतात त्याला माझा विरोध आहे आणि राहील. पण तू रागावलीस तो भाग वेगळा होता, तो कायद्याचा नव्हता, माझ्या आवाजाचा होता.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू कॉलेजात असताना आईचा भाऊ आला होता, लिस्बनला माझा जन्म नोंदवू या म्हणून. मी १९६१ च्या आधीचा असल्यामुळे माझे पोर्तुगीज नागरिकत्व निघाले असते, माझ्यामागून तुझेही, आणि तू युरोपात पाय ठेवलास तो मालकिणीसारखा ठेवला असतास. कितीतरी लोक त्या वाटेने इंग्लंडमधल्या स्विंडनला गेले. मी नाही म्हणालो. दादांना काय वाटेल, असे म्हणालो. दादा जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. व्हिसाच्या रांगेत तू पहाटे उभी राहिलीस ती माझ्या नकारामुळे. हे तुला ठाऊक असावे.

तुमच्या सॅक्सनी राज्यात त्या फेब्रुवारीत कोणता पक्ष पहिला आला ते मी वर्तमानपत्रात वाचले, आणि त्याची माणसे परक्यांविषयी काय बोलतात तेही. रात्री ट्राममधून एकटी येतेस तेव्हा मला इथे जाग असते. तो पासपोर्ट खिशात असेल तर कोणी तुला जा म्हणू शकणार नाही, असे एक मन म्हणते. कागद पाहायला कोण थांबते, असे दुसरे. आईला हे दुसरे सांगू नकोस.

जुलैत तू जन्मदाखल्याची नवी प्रत मागितली होतीस. ती मी निबंधकाच्या कचेरीतून त्याच आठवड्यात आणली होती आणि कपाटात विम्याच्या कागदांखाली ठेवली होती. कचेरीत गर्दी आहे असे तुला सांगितले ते खरे नव्हते. ती या पाकिटात घातली आहे. त्यात आईच्या माहेरच्या आडनावात एक अक्षर चुकले आहे. दुरुस्तीला अर्ज केला तर आणखी तीन आठवडे तरी लागतील. तिथल्या कचेरीत तसे चालते का विचार आणि लगेच कळव, म्हणजे सोमवारीच जाऊन बसेन. या वेळी मुद्दाम उशीर करणार नाही.

आईने नेवऱ्या वेगळ्या पाठवल्या आहेत. विहीणबाईंना चार जास्त दे.

तुझा,
बाबा