अखेर ड्राइव्ह सुटला

प्रिय मित्रा,

पंधरा दिवस तुझ्या फोनला उत्तर दिलं नाही, त्याचं कारण बोटीच्या पिछाडीला लटकलेलं होतं: ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद पाण्यातल्या पंख्यापर्यंत नेणारं धूड. काल संध्याकाळी सुटलं एकदाचं.

तू दरवर्षी सांगायचास, ड्राइव्ह एकदा उतरवून इंजिनाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लाव. आणि मी दरवर्षी म्हणायचो, चालतंय ना, मग कशाला हात लावा! या खेपेला बोट वळवताना मागून घरघर ऐकू आली तेव्हा धाबं दणाणलं.

काम तसं सोपं, तुला ठाऊकच आहे. आपला जुना मर्क्रूझर अल्फा. गिअर पुढच्या दिशेला टाकायचा, ट्रिमचे (ड्राइव्ह वर-खाली करणारे) दोन्ही सिलिंडर मागच्या बाजूने सोडवायचे, सहा नट काढायचे आणि ड्राइव्ह सरळ मागे ओढायचा. सहाही नट मुकाट निघाले. म्हटलं, तासाभराचं काम. ओढलं. ढिम्म!

आधी संशय स्टडवर, म्हणजे ते नट ज्या आट्यांच्या दांड्यांवर बसतात त्यांच्यावर. पोलादी स्टड, ॲल्युमिनियमचं भोक आणि त्यात खारं पाणी म्हणजे पांढरी भुकटी ठरलेलीच, आणि ती भोकात सिमेंटसारखी बसते. दोन रात्री तेल सोडत राहिलो, लाकडाचा ठोकळा धरून हातोड्याने आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ठोकलं. तिसऱ्या दिवशी फट दिसली, नख शिरेल एवढी. मग मी गाढवपणा केला. त्या फटीत पहार घातली. ॲल्युमिनियमला खोच पडली, तीही नेमकी गॅस्केट बसते त्या तोंडावर. इंजिनाचं थंड पाणी तिथूनच जातं. आता तो भाग घासून सपाट करत बसलोय. गॅसची बत्तीही काढली होती, कारण तापलं की ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं. पण शेजारी रबरी भाता (शाफ्टभोवतीचं घड्यांचं नळकांडं, पाणी बाहेर ठेवणारं) आणि आत इंजिनाच्या तळाशी पेट्रोलचा वास. बत्ती गुपचूप परत ठेवली.

मग जरा शांत डोक्याने पाहिलं. ड्राइव्ह स्टडवर खुळखुळत होता, म्हणजे स्टड केव्हाच सुटले होते. धरून ठेवलं होतं ते आतल्या शाफ्टने. भाता चाचपला. एका घडीत चीर होती, ताणल्याशिवाय दिसणारच नाही अशी. नाहीतरी तो बदलायचाच, म्हणून ब्लेडने उभा कापला. आतून चहासारखं लाल पाणी भळकन माझ्या अंगावर. जिंबल बेअरिंग, म्हणजे शाफ्टला आधार देणारं बेअरिंग, शाफ्टवर गंजून एकजीव झालं होतं. म्हणजे इतके दिवस मी बाहेर हातोडा मारत होतो आणि दुखणं आत होतं.

तेल थेट बेअरिंगवर सोडलं. नट पुन्हा चार आटे चढवून ठेवले, कारण सुटल्यावर एवढं धूड पायावर आलं तर तू मला दवाखान्यात भेटायला आला असतास. खाली ट्रॉलीचा आधार दिला, साखळीने मागे ताण लावला आणि ड्राइव्ह हळूहळू डावी-उजवीकडे हलवत राहिलो. नाहीच जमलं तर इंजिनाचे माउंट (ते ज्यांवर बसतं ते आधार) सोडवून इंजिनच पुढे सरकवायचं, किंवा शाफ्टचा सांधा कापायचा, एवढंच उरलं होतं. कापायला जीव होत नव्हता. पाऊण तासाने आतून कर्रर्र आवाज आला आणि ड्राइव्ह नटांपर्यंत मागे सरकला. नट काढून ओढला, तर बेअरिंग शाफ्टला चिकटूनच बाहेर आलं. गोळ्या फिरत नव्हत्या, नुसता तपकिरी लगदा.

दाते मात्र वाचले! ब्रशने घासले, कडा अजून धारदार आहेत. ते दाते इंजिनाच्या बाजूला ज्यात बसतात त्या कपलरमध्येही बॅटरी मारून पाहिलं, ठीक वाटतं.

आता नवा भाता, नवं बेअरिंग, गॅस्केट, आणि शेवटी इंजिन सरळ रेषेत आहे का ते बघायचं. ते एकट्याचं काम नाही. एकाने मागून दांडा आत सरकवायचा, दुसऱ्याने आत बसून पुढच्या माउंटचे नट वरखाली करायचे. आत तू बस, मी आता तिथे मावत नाही. रविवारी सकाळी ये आणि जुने कपडे घाल. माझ्या शर्टाचा डाग काही निघाला नाही.

तुझाच,
मी