पंच सर, ती शिट्टी वाजवल्याबद्दल

आदरणीय पंच सर,
सा. न. वि. वि.

हे पत्र उघड लिहितेय, कारण तालुक्याच्या शालेय कुस्ती स्पर्धेत तुम्हाला जे ऐकून घ्यावं लागलं तेही चारचौघांतच ऐकावं लागलं होतं. तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

सतरा वर्षांखालच्या गटात ५१ किलोत ज्या पोराच्या हाताची मिठी तुम्ही स्वतः वाकून सोडवलीत, त्याची मी आई. दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या. दुसरी निम्मी सरली होती आणि आमचा गुणांनी मागं होता. समोरचं पोरगं पालथं पडलं तशी आमच्यानं त्याच्या दोन्ही काखांखालून हात घातले, मानेवर बोटं गुंफली आणि मान खाली दाबत उलटवायला घेतलं. हॉलमध्ये एकच गिल्ला. माझे सासरे, आमचे आण्णा, पटका सावरत उठून उभे राहिले. आणि नेमकी तेव्हाच तुमची शिट्टी. डाव धरला नाही, वर ताकीद दिलीत. कुस्ती गेली ती गेलीच. मागून कुणी काय काय ओरडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यात आमच्या भावकीतले आवाजही होते, ते मी ओळखले.

तुम्ही कुस्त्या संपल्यावर निघून गेला असता तरी तुमचं काम झालंच होतं. पण तुम्ही आण्णांना हुडकत आलात, त्यांच्या पाया पडलात आणि "वस्ताद, दोन मिनिटं बसू का?" म्हणालात. आण्णा वस्ताद नाहीत, पण उभ्या हयातीत तालीम केलेल्या माणसाला असं कुणी म्हटलं की त्याचा निम्मा राग तिथंच जिरतो, हे तुम्हाला बरोबर ठाऊक होतं!

तुमचं सांगणं मी शेजारी उभं राहून ऐकलं. काखेखालून हात घालून मान दाबायचा डाव म्हणजे नेल्सन, तो एका हाताचा चालतो. दोन्ही हातांचा मोठ्या पैलवानांनासुद्धा फक्त बाजूनं मारता येतो, तोही समोरच्याला पाय न लावता. पंधरा आणि सतराखालच्या पोरांना तर तो बंदच, पुढून नाही आणि बाजूनंही नाही. कारण त्यात दोन हातांची सगळी ताकद एका मानेवर येते आणि खालच्याचे दोन्ही हात वर अडकलेले असतात, त्याला मान सोडवून घ्यायला काही उरत नाही. मग तुम्ही ब्रिजचं सांगितलंत. मानेवर कमान करून जो तग धरून आहे त्याला दाबून पाडायचं, उचलून आपटायचं नाही. गळा धरायचा नाही, बोटं मुरगळायची नाहीत, पाठीमागं नेलेला हात काटकोनापलीकडं पिळायचा नाही. डोक्याला मिठी घालायची तर आत त्याचा एक हात घेऊनच.

आण्णा म्हणाले, "तुमच्या गादीवर काय लोण्याची पोरं खेळत्यात व्हय? आम्ही खासबागच्या मैदानात दुपार दुपार झुंजलोय, कुणी शिट्टी मारली न्हाई."

त्यावर तुम्ही जे बोललात ते मला पाठ आहे. "शिट्टी नव्हती आण्णा, पण वस्ताद होते की. जोड लावताना दोघांचं अंग बघत होते. पोरगं वेडंवाकडं अडकलं की मातीच्या हौद्यात उतरून सोडवत होते. तेच काम आता आम्ही करतोय, फक्त ते कागदावर लिहिलेलं आहे." आण्णा गप्प झाले, पटलं नव्हतं तरी. मग तुम्ही खाशाबांचं काढलंत.

खाशाबा जाधव म्हटलं की कऱ्हाड-कोल्हापूरच्या माणसाचा ऊर भरून येतो. गोळेश्वरचं पोरगं, इथल्या राजाराम कॉलेजचं. १९४८ ला लंडनला गेले तेव्हा मातीत खेळलेल्या त्यांना गादी नवी होती, तरी सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत कांस्य. इथवर सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही सांगितलंत ते पुढचं: हेलसिंकीला एक कुस्ती आटोपते न आटोपते तोच त्यांना पुढच्या कुस्तीला उभं केलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमातच होती, पण ते ठणकावून सांगायला आपल्याकडचा एकही अधिकारी तिथं नव्हता, असं सांगतात. दमलेला पैलवान तसाच सोव्हिएत संघाच्या पैलवानासमोर गेला आणि हरला. "नियम होता आण्णा," तुम्ही म्हणालात, "पण तो माहीत असलेला माणूस पोराच्या बाजूला नव्हता."

आण्णांनी तिथंच विचारलं, "मग आमच्या तालमीत येऊन सांगशीला का हे?"

सर, खरे आभार आहेत ते त्यापुढचे. शिट्टी वाजवणं तुमचं कर्तव्य होतं, असं तुम्हीच म्हणाल. पण पावसाळ्यातल्या रविवारी गाडी काढून, पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं तर लांबच्या वाटेनं वळसा घालून, आमच्या गावच्या तालमीत येऊन बसणं हे कुठल्याच कर्तव्यात बसत नाही. मानधन घेतलं नाहीत. चहासुद्धा बिनसाखरेचा.

पहिल्याच रविवारी तुमच्या लक्षात आलं की आमचा पोरगा पाणी पीत नाहीये. ५१ मध्ये हरल्यावर कुणीतरी त्याच्या डोक्यात घातलं होतं की ४८ ला उतर, तिथं तुझ्या अंगाला कुणी टिकणार नाही. ते सांगणाऱ्याचं नाव घेत नाही. मग काय, उकाड्यात स्वेटरवर रेनकोट घालून पळणं, भात बंद, दूध बंद, पाणी नुसतं चूळ भरण्यापुरतं. घरात मी ओरडले की "आई, तुला कुस्तीतलं काय कळतंय" हे ठरलेलं उत्तर. तुम्ही त्याला ओरडला नाहीत. हौद्याच्या कडेला बसवून त्याला अमेरिकेतल्या पोरांची गोष्ट सांगितलीत.

१९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तिकडच्या कॉलेजांतले तीन पैलवान साधारण महिन्याभरात गेले. तिघंही वजन उतरवत होते. घाम निघावा म्हणून हवा न लागणारे कपडे अंगात, गरम खोलीत व्यायाम, आणि पोटात पाणी नाही. त्यानंतर तिथं कॉलेजचे नियम बदलले, पुढं हायस्कूलचेही. आता हायस्कूलच्या पैलवानाची हंगामाच्या सुरुवातीला लघवी तपासून अंगात पाणी पुरेसं आहे का ते आधी बघतात. मग अंगातली चरबी मोजतात आणि त्यावरून तो कमीत कमी किती वजनात खेळू शकतो ते ठरवून टाकतात. मुलांना ७ टक्क्यांच्या आणि मुलींना १२ टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाहीत. त्यातही आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त उतरवायचं नाही. तुम्ही त्याला पाटीवर हिशेब करायला लावलात. ५१ किलोचे दीड टक्के म्हणजे साधारण पाऊण किलो. तीन किलो उतरवायला किमान चार आठवडे, तेही जेवून-खाऊन, आणि अंगात तेवढी चरबी असली तर. आमचं पोरगं चार दिवसांत करायला निघालं होतं.

त्यानं विनेश फोगटचं नाव काढलं. कुठलंही पोरगं काढेल. २०२४ च्या पॅरिसला फायनलच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले, ती रात्र आमच्या घरातही कुणी नीट झोपलेलं नव्हतं. तुम्ही एवढंच म्हणालात की तिच्याभोवती डॉक्टर होते, ती मोठी बाई, वर्षानुवर्षं हेच करत आलेली, आणि तरीही शरीरानं ऐकलं नाही. तुझी तर अजून उंची वाढायची आहे. तू ५१ ला खेळ, वाढलास तर ५५ ला खेळ. त्या दिवशी तो घरी येऊन तांब्याभर पाणी प्याला. मी स्वयंपाकघरातून बघत होते, पण काही बोलले नाही.

गजकर्णाचा विषय तर तालमीत कुणी काढतच नव्हतं. प्रत्येकाला कुठं ना कुठं होतंच, जांघेत, मानेवर, दंडावर. आण्णांचं म्हणणं, मातीत हळद, ताक, लिंबू, तेल सगळं पडतं, तिथं रोग टिकत नाही. तुम्ही मातीला नावं ठेवली नाहीत, हे मला फार आवडलं. तुम्ही विचारलंत की पोरं टॉवेल किती जण मिळून वापरतात, लंगोट रोज वाळतो का, गादी कशानं पुसता. उत्तरं आमची आम्हालाच ऐकवेनात. अंगाला अंग घासून हा रोग पसरतो, म्हणून स्पर्धेत वजनाआधी डॉक्टर अंग बघतात आणि लागट काही दिसलं तर पोराला खेळू देत नाहीत. अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये तर गजकर्ण अंगावर असेल तर निदान ७२ तास आणि डोक्यात असेल तर १४ दिवस औषध झाल्याशिवाय, डॉक्टरच्या सहीशिवाय गादीवर सोडत नाहीत. आमच्याकडं काय चाललं होतं? मेडिकलमधून तीन औषधं एकत्र केलेलं मलम आणायचं आणि चोळायचं. त्यात स्टिरॉइड असतं, खाज दोन दिवसांत थांबते, रोग आतल्या आत पसरत राहतो आणि पुढं साध्या औषधाला दाद देत नाही. हे तुम्ही सांगितलंत, आणि नुसतं सांगून न थांबता पोरांना कातडीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलात. तालुक्याला तुम्ही एका पोराला बाजूला नेऊन, त्याच्या खांद्यावर हात टाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं घरी पाठवलं होतंत. ते मी लांबून पाहिलं होतं, तेव्हा कारण कळलं नव्हतं.

कानांचं मात्र तुम्हाला जड जाणार हे मला माहीत होतं. आमच्याकडं मोडलेला कान म्हणजे दागिना. आण्णांचे दोन्ही कान तसेच आहेत आणि फोटो काढताना ते मान वळवून बसतात. तुम्ही म्हणालात, मार बसला की कातडी आणि कुर्चा (कानातलं मऊ हाड) यांच्या मध्ये रक्त साठतं, लवकर डॉक्टरकडं जाऊन काढून घेतलं आणि दाबून बांधलं तर कान जसाच्या तसा राहतो, नाहीतर आत घट्ट होऊन बसतो. अमेरिकेतल्या शाळांत कान झाकणारी पट्टी बांधल्याशिवाय उतरूच देत नाहीत. आण्णा म्हणाले, "मग पैलवान वळखायचा कशावरनं?" तुम्ही हसलात आणि विषय सोडून दिलात. तेही बरंच केलंत. सगळंच एका पावसाळ्यात कुठं होतंय.

डोकं आपटलं आणि पोरगं भांबावल्यासारखं वाटलं तर त्या दिवशी पुन्हा खेळवायचं नाही, हे मात्र आता तालमीच्या भिंतीवर खडूनं लिहिलंय. अक्षर आण्णांचं आहे. खाली "नखं" असं एवढंच लिहिलंय, पण पोरांना कळतं.

एक तक्रारही आहे, तुमच्याबद्दल नाही. स्पर्धेच्या ठिकाणी "मोड, मोड त्येचा हात" असं ओरडणारे आम्हीच, पोरांचे आई-बाप आणि चुलते. गादीवरचं पोरगं पंचाचं ऐकू की बापाचं, या गोंधळात असतं. त्या लोकांनाही कुणीतरी तासभर बसवून नियम सांगायला पाहिजेत. तुम्हालाच सांगा असं म्हणायचं धाडस होत नाही, पण तुम्ही हो म्हणालात तर जागा मी बघते. ग्रामपंचायतीचा हॉल मिळेल. बायका आधी येतील, त्यांची हमी माझी.

आता शेवटचं, जरा कामाचं. आमची धाकटी सहावीत आहे. भावाबरोबर ती रविवारी तालमीच्या दारात उभी असायची, तुम्ही तिला आत बोलावून पट, म्हणजे पायाला धरून पाडायचा डाव, कसा काढतात ते दाखवलं होतंत. तिला चौदाखालच्या गटात नाव द्यायचं आहे. आण्णा पंधरा दिवस बोलले नाहीत आणि परवा अचानक म्हणाले, "पंच हो म्हणत असतील तर घाला." म्हणजे गाडी आता तुमच्याकडं आहे. तिचे केस कमरेपर्यंत आहेत. नुसते घट्ट बांधून चालतात की वरून काही टोपीसारखं लागतं, ते कळवा. आणि वयाचा दाखला शाळेचा चालतो की ग्रामपंचायतीचा आणायचा, तेही. श्रावण संपला की जेवायला या, म्हणजे तांबडा-पांढरा करता येईल. वहिनींनाही आणा.

आपली,
एका पैलवानाची आणि होऊ घातलेल्या एका पैलवानाची आई
ता. करवीर, जि. कोल्हापूर