अण्णांचा लाल दिवा

प्रिय बंड्या,

फोन का नाही केला, असं विचारू नकोस. फोनवर तू मधेच तोंड घालतोस आणि मला हे एका दमात सांगायचंय. घरी सगळे मजेत. माझी कंबर आहे तशीच.

रविवारी मोटरसायकली घेऊन घाटात गेलो होतो. टोळी नेहमीचीच, हायवे सोडून आतल्या रस्त्याने. रस्ता असा, की दोन वळणांच्या मधे टॉप गिअर टाकायला जागा नाही. तू असतास तर हेल्मेटमधे गात सुटला असतास, आणि बेसूर. पुढे अर्थातच अण्णा.

मागचे चुकू नयेत म्हणून फाट्यावर माणूस सोडायची पद्धत अजून तीच. दुसऱ्या नंबरच्याने थांबून हाताने वाट दाखवायची, शेवटची गाडी दिसली की तिच्यापुढे घुसायचं. (तुला त्या फाट्यावर आम्ही विसरलो नव्हतो. तू झाडाआड होतास. कशाला, ते वहिनींना अजून सांगितलेलं नाही, तेव्हा हे भांडण आता पुरे.) या पद्धतीत अण्णांच्या मागची जागा सारखी बदलत राहते. बाकी कुणाच्या काही लक्षात आलं नाही ते बहुधा त्यामुळेच. माझी पाळी नेमकी उतरणीला आली आणि पुढचा फाटा चांगला लांब होता.

आधी मजाच वाटली. मग रस्ता झाडीत शिरला आणि वळणात शिरून झाल्यावर अण्णांचा मागचा दिवा लागला. वळणात ब्रेक, बंड्या! अण्णांनी! आधी वेग उतरव, मग गिअर, मग नजर वळणाच्या पार, हे आपल्याकडून पाढ्यासारखं घोकून घेणारा हा माणूस. उतारावर गाडी इंजिनवर अशी धरायचे की त्यांचा बल्ब गेलाय म्हणून तू एकदा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसला होतास.

म्हटलं, समोर काही आलं असेल. पण पुढच्या झाडीत पुन्हा तेच. उन्हातल्या वळणांना मात्र जुनीच सफाई: बाहेरून शिरायचं, वळण सुटलेलं दिसेपर्यंत आत झुकायचं नाही. सावली आली की दिवा. एक वळण पुढे पुढे आवळत जाणारं होतं, तिथे गाडी मधल्या रेषेच्या पलीकडे गेली. समोरून कुणी नव्हतं म्हणून बरं. आणि खडी दाखवायला त्यांचा पाय खाली आला तेव्हा पुढचं चाक खडीवरून गेलेलंसुद्धा होतं. मागचं टायर जरासं सरकलं, अण्णांनी सावरलं. हात अजून पक्के आहेत रे, चूक हातांची नाहीच.

ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. उन्हातून अंधाऱ्या झाडीत शिरल्यावर डोळ्यांना नुसता एक सेकंद जास्त लागला, तरी दोन-तीन मोटारींची लांबी आंधळेपणाने कापली जाते. मला मोतीबिंदूची शंका येतेय. त्यात उन्हाची चकाकी जास्त होते, अंधुक उजेडात कमी दिसतं. डॉक्टर मी नाही, पण दुसरं काही सुचत नाही.

पुढच्या फाट्यावर मी उतरलो आणि अण्णांच्या मागे आला तो नवा पोरगा. हे मला जास्त झोंबलं. मी वळणात स्वतःची लाइन धरतो. तो अण्णांच्या टायरच्या ठशावरून चालतो, आपणही तसंच करायचो. अण्णा रेषेपलीकडे गेले की तोही जाणार, आणि दोन सेकंद उशिरा. तोवर समोरून कुणी यायला हरकत नाही.

थांब्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं. हेल्मेटची काच पुसत म्हणाले, "काच खराब झालीय." ते तोंड धुवायला गेल्यावर मी त्या काचेतून पाहिलं. लखलखीत होती.

आता सांग, काय करू? शेवटच्या गाडीवर या म्हणावं, तर आपल्याला म्हातारा ठरवला म्हणून कायमचे यायचे बंद होतील. चारचौघांत बोलणं म्हणजे तर कडेलोटच. आणि गप्प बसून पुढच्या राइडला मी त्यांच्यामागे चालू शकत नाही, ते माझ्याने होणार नाही. मोतीबिंदूच असेल तर ऑपरेशन होतं, गाडी सुटतेच असं नाही, पण डॉक्टरने "गाडी बंद" म्हटलं तर, या भीतीने ते दारातसुद्धा जाणार नाहीत. तुझं ऐकतील. हँडल ढकलून गाडी वळते की अंग टाकून, यावर त्यांच्याशी रात्रभर भांडणारा तू एकटाच. हरलास, पण तेव्हापासून तू त्यांचा लाडका. मला हे कधीच पटलेलं नाही, ते असो.

तुझ्या बदलीचं काय झालं? आईंचा पाय कसा आहे? छोटी गाडी शिकतेय असं ऐकलं, तिला क्लच तू शिकवू नकोस, दुसऱ्या कुणाकडून शिकव.

अण्णांना फोन संध्याकाळी कर, सकाळी ते गाडी पुसत असतात. डोळ्यांवर एकदम येऊ नकोस. आधी तुझ्या चेनचं रडगाणं गा, मग तुलाच हल्ली रात्री नीट दिसत नाही म्हण, आणि डॉक्टरकडे सोबत चला म्हणून गळ घाल. पुढच्या राइडच्या आत कर मात्र. मी काही बोललो, हे कळता कामा नये.

तुझा,
बाळ्या