सकाळी आठच्या आधी

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय गजू,

पीएचडीचं तिसरं प्रकरण वर्षभर तसंच पडलंय आणि कॉलेजची कामं, निवडणूक ड्युटी, सासरकडची लग्नं यातून वेळच निघत नाही, असं लिहिलंस. वरून म्हणतोस, ‘तुझं बरं आहे, गावात निवांत.’ लेका, इथं आठ वाजले की माणूस स्वतःचा राहत नाही. केवायसी करून दे म्हणून कोणी मोबाईल घेऊन ओट्यावर बसलेला असतो, वेचायला बाया मिळतात का पाहायला मी दुसऱ्याच्या ओट्यावर. म्हशीची ढेप संपलेली असते. रात्रीच्या विजेच्या लाईनवर पिकाला पाणी दिलं असलं तर डोळे उघडत नाहीत. आणि पानठेल्यावर जरासं थांबलं की दुपार.

तरी एक काम मी या रगाड्यात सापडू देत नाही. उजाडलं की फोन घरी ठेवून पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या वावरात, जातो. मादीच्या वासाचं आमिष ठेवून नर पतंग पकडणारे कामगंध सापळे एकरी दोन लावलेत, त्यातले गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजतो. लागोपाठ तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर समजायचं, पाणी डोक्यावरून जायला लागलं. मग वावरभर फिरून वीस हिरवी बोंडं तोडायची आणि फोडायची. दोनात अळी निघाली की फवारणीचं पाहावं लागतं. वरवर पाहून भागत नाही, कारण गुलाबी अळी कोवळ्या बोंडात शिरली की मागचं छिद्र बुजतं आणि बोंड बाहेरून टवटवीतच दिसतं. 2017 साली अळीला मारणारं विष झाडातच असलेल्या बीटी कपाशीच्या भरवशावर सारे निर्धास्त होते. अळीला ते विष पचायला लागलं होतं, पण बहुतेकांना कळलं ते बोंड फुटून कवडी, म्हणजे किडका कापूस, हाती आल्यावर. त्याच हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, म्हणून न पाहता पंप पाठीवर घ्यायचं मी नाव काढत नाही.

आता गंमत पाहा. ढेप नसली तर म्हैस ओरडते, बिल थकलं तर लाईनमन येतो. बोंडं नाही फोडली तर त्या दिवशी कोणीच काही म्हणत नाही. तुझ्या तिसऱ्या प्रकरणाचंही तेच आहे. ते फोन करणार नाही, नोटीस पाठवणार नाही. म्हणून तर वर्ष गेलं.

‘रात्री निवांत लिहीन’ हे सोडून दे. रात्री उरतं ते उष्टं. सेवाग्रामला गेलो होतो ते आठवतं? गांधीजी सोमवारी मौन पाळायचे, अगदीच गरज पडली तर चिठ्ठीवर लिहून द्यायचे. त्यांच्याकडे तर सारा देश यायचा! पण वार ठरलेला होता आणि तो सगळ्यांना माहीत होता. मला त्यातलं हे दुसरं मोठं वाटतं. मनातल्या मनात ठरवलेली वेळ कोणीही उचलून नेतो. मी गावात सांगून टाकलं, आठच्या आधी मी वावरात. ठेल्यावर टोमणे झाले, ‘साहेब झाला बाप्पा आता!’ घरी तर अजून होतात. पण आता लोक नऊला येतात. तूही घरी आणि विभागात तोंडानं सांग. आणि कुठून सुरू करायचं ते आदल्या संध्याकाळी ठरव. मी पऱ्हाटीच्या कोणत्या ओळीपासून फिरायचं ते ठरवूनच झोपतो, नाहीतर सकाळ धुऱ्यावर उभं राहण्यातच जाते.

मात्र याचं सोवळं करू नको. मागं शेजारच्या काकांना पहाटे दवाखान्यात न्यावं लागलं, सापळे राहिले. राहू दे. पानाची पिचकारी मारत गप्पा हाणायला आलेला मात्र दवाखान्यातला नसतो, एवढं ओळख.

यंदा फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेलं कपाशीचं पीक, ठेवणार नाही. उभी पऱ्हाटी राहिली की अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं. डिसेंबरअखेर वावर मोकळं करतो, म्हणजे जानेवारीत मीही जरा मोकळा. प्रकरण घेऊन ये. अर्धं असलं तरी आण, वाचून सांगतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
वसंता